थोडं डावीकडे वाकलं की समुद्र

आमच्या घरातून समुद्र दिसतो. हे मी लग्नाच्या पंगतीत सांगितलंय, बँकेच्या रांगेत सांगितलंय, आणि डेंटिस्टने ‘आ करा’ म्हणायच्या आत त्यालाही सांगितलंय. विचारलं कोणीच नव्हतं. पण पार्ल्यात जन्म काढून वर्सोव्याला घर घेणाऱ्याला काहीतरी भरपाई नको? आमच्या पार्लेकर नातेवाइकांचा पहिला प्रश्न होता, “तिकडे आपली मराठी माणसं आहेत का रे?” कोळीवाड्याच्या वेशीवर घर घेतलेल्याला हा प्रश्न! १७३९ साली मराठ्यांनी खाडीपलीकडचा मढचा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला, तेव्हा पार्ल्यात लोकमान्य सेवा संघ सोडा, स्टेशनसुद्धा नव्हतं.

तर समुद्र. सोफ्यावर बसल्याबसल्या दिसतो तो सी-फेसिंग. त्याचा भाव ऐकायलासुद्धा आधी बसावं लागतं. उठून खिडकीशी गेल्यावर दिसतो तो सी-व्ह्यू. आमचा तिसरा, पार्शल. एजंटने मला स्वयंपाकघराच्या खिडकीशी नेलं आणि म्हणाला, “साहेब, ग्रिलला गाल लावा. आता थोडं डावीकडे वाका. दिसला?” दिसला. समोरच्या दोन इमारतींच्या फटीत फूटपट्टीएवढा निळा तुकडा. ओहोटीला तोही करडा होतो, पण घर बघायला आम्हाला बरोब्बर भरतीच्या वेळी बोलावलं होतं. भरती रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. हा एजंट कुठल्याच कामाला वेळेवर येत नसे, भरतीचं वेळापत्रक मात्र त्याला तोंडपाठ होतं. आता पाहुणे आले की मीही त्यांना ग्रिलला गाल लावायला लावतो. चहा त्यानंतर. बरेच जण गालाला गंज घेऊन घरी जातात.

या तुकड्याचे मी रोख पैसे मोजलेत. करारनामा काढून बघा. कार्पेट एरिया दशांश चिन्हापुढे दोन आकड्यांपर्यंत आहे, पार्किंगचा नंबर आहे, समुद्राचा उल्लेख नाही. मुद्रांक शुल्क मेट्रोचा अधिभार धरून सहा टक्के, नोंदणीचे तीस हजार वेगळे. एकट्या बायकोच्या नावावर घेतलं असतं तर एक टक्का सुटला असता. पण मग ‘माझं सी-व्ह्यू घर’ कुठल्या तोंडाने म्हणणार? तो एक टक्का सरकारने माझ्या रुबाबावर लावलेला कर समजून भरला. ही अजूनही त्या रकमेत काय काय आलं असतं ते सांगत असते. यादीत दर दिवाळीला भर पडते.

समोरची बैठी सोसायटी रिडेव्हलपमेंटला जाणार असं कळल्यावर मी वकील गाठला. त्याने शांतपणे समजावलं : १८८२ चा सुविधाधिकार कायदा आहे. खिडकीतून वीस वर्षं बिनतक्रार उजेड आणि वारा येत असेल, तर त्यावर हक्क सांगता येतो. समुद्र दिसण्याचं त्यात काही नाही. उद्या फट बुजली, तर कायद्याच्या लेखी माझं काहीही गेलेलं नसेल. त्याने या सल्ल्याची फी मात्र घेतली.

कायद्याने माझ्या वाट्याला आलेल्या वाऱ्याबरोबर येतो तो बोंबलांचा वास. आता बोंबलाचा विषय निघालाच आहे, तर मला अडवू नका. पावसाळा सरला की कोळीवाड्याच्या बाजूला बांबूचे मांडव उभे राहतात आणि त्यांवर ओळीने बोंबील चढतात. ते कसे टांगतात हे जवळ जाऊन बघण्यासारखं आहे. दोरी नाही, खिळा नाही. दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दांडीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. बायकांचे हात इतके भरभर चालतात, की जबडा कधी अडकला ते दिसतही नाही. मी एक जोडी करून बघितली, ती माझ्या चपलेवर पडली. ओला बोंबील म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. तळायचा तर आधी वजनाखाली दाबून ठेवावा लागतो. तोच उन्हावाऱ्यात काडीसारखा कडक झाला की पावसाळाभर टिकतो. जून-जुलैत होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात, मासेमारी बंद असते, तेव्हा कितीतरी घरांचं कालवण यावर निघतं. सुक्या बोंबलाच्या चटणीबद्दल मी इथे लिहीत नाही, कारण मग लेख संपणार नाही.

तर या वासाविरुद्ध आमच्या सोसायटीत ठराव आला. सूचक होते खजिनदार, जे दर रविवारी हॉटेलातून ‘बॉम्बे डक फ्राय’ मागवतात. पार्सलचा वास लिफ्टमध्ये सोमवारपर्यंत असतो. “मराठी तुम्हाला येतं, तुम्ही जाऊन बोला,” असं म्हणून शिष्टमंडळ म्हणून मला एकट्याला पाठवलं. मी पार्ल्याची ठेवणीतली भाषा काढली. मांडवाशी बसलेल्या मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमच्या माल्यापरत वास येतो?” म्हटलं, हो, चांगलाच येतो. “मंग वारा चांगला हाय. दोन दिसांत सुकतील.” आणि त्या पुढच्या जोडीकडे वळल्या.

मला काही बोलता येईना, आणि खरं तर बोलायचंही नव्हतं. चिडलो होतो, पण मावशींवर नाही. सांडपाणी आमचं, पिशव्या आमच्या, खाडीत जातं ते सगळं टॉवरांतून. भर पावसात समुद्र ते उचलून किनाऱ्यावर परत आणून टाकतो आणि सुट्टीच्या सकाळी कुणीतरी हातमोजे घालून ते वेचत बसतं. जाळ्यात मासळीआधी प्लास्टिक येतं ते या मावशींच्या घरच्यांच्या. वाळवणाची मोकळी जागा वर्षागणिक आक्रसतेय. कोळीवाड्यांच्या सीमांकनाची चर्चा मी केस काळे असल्यापासून ऐकतोय. आणि गुन्हा काय, तर बोंबलाला बोंबलाचा वास येतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांचं घर समुद्रावर चाललं, त्यांना समुद्राचे शिष्टाचार शिकवायला कोण जाणार, तर फूटपट्टीएवढा समुद्र विकत घेतलेला मी!

सोसायटीत येऊन मी अहवाल दिला : वारा चांगला आहे. इतिवृत्तात तसं नोंदवलंय.

तुम्ही इकडे घर बघायला येणार असाल, तर एजंटने दिलेल्या वेळेला येऊ नका. डिसेंबरात, दुपारच्या ओहोटीला या, खिडक्या सताड उघडायला सांगा आणि दहा मिनिटं नाकाने श्वास घ्या. जमलं तरच टोकन द्या. नाही जमलं तर पार्ल्यात आमच्या जुन्या इमारतीत एक फ्लॅट निघालाय. तिथून समुद्र दिसत नाही.