अजून उघडली नाही

तुमच्या ओळखीतही एक असणारच. पेला दांडीला धरणारा, पिण्याआधी नाक आत घालणारा. आमच्या नाशिकच्या टोळक्यात हा मान सुधाकरचा. परवा नानाने त्याच्या डोळ्यांदेखत शिराझमध्ये बर्फाचे दोन खडे टाकले. तेव्हा सुधाकरचा जो चेहरा झाला, तो मी त्याच्या मुलीच्या पाठवणीतही पाहिला नव्हता.

सुधाकर मूळचा सहकारी बँकेतला. वसुली खात्यात होता. कर्जदाराला आठ दिवसांची मुदत द्यायची म्हटलं तर त्याच्या पोटात दुखायचं. तोच माणूस निवृत्तीनंतर बाटलीला तास-तास मुदत देतो. बूच निघालं की वाइन रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत जाते आणि सुधाकर दोन्ही हात आडवे धरतो. ‘‘कुणी हात लावायचा नाही. तिला श्वास घेऊ द्या.’’

मग आम्ही बसतो. समोर बिनमिठाची बिस्किटं आणि पाणी. चिवड्याला बंदी, कारण तिखटाने टॅनिन जिभेला जास्त बोचतं. वहिनी कोथिंबीर वडीची ताटली घेऊन येतात आणि नवऱ्याच्या नजरेने परत फिरतात. जाता जाता एकदा म्हणाल्या, ‘‘चाळीस वर्षांत मला नाही हो कधी म्हणाले, जरा श्वास घे म्हणून.’’

बरं, यामागचं शास्त्र खोटं नाही, हेच तर दुःख आहे. द्राक्ष काळं असलं तरी रस बहुधा पांढुरकाच निघतो. रंग येतो सालीतून, तुरटपणा साल आणि बियांतून. हवा लागली की दबलेला वास मोकळा होतो, कडक वाइन जरा मवाळ होते. पण सुधाकर फरक करत नाही. हलकी असो, भारी असो, सगळ्यांना सरसकट श्वास. त्याआधी फ्रिजमध्ये वीस मिनिटं, कारण लाल वाइन सोळा ते अठरा अंशांवर प्यायची असते आणि ‘रूम टेंपरेचर’ म्हणजे युरोपातल्या गारठलेल्या खोलीचं, नाशिकच्या एप्रिलचं नव्हे. म्हणजे आधी गारठवायची, मग श्वास घ्यायला सोडायची. वसुली खात्याची पद्धत शेवटी.

अधूनमधून तो सुरईत नाक घालतो, डोळे मिटतो आणि निकाल देतो, ‘‘अजून उघडली नाही.’’

उघडली की वर्णनं सुरू. सिगारची पेटी, जुनं चामडं, ब्लॅककरंट. ब्लॅककरंट आम्हा सर्वांना आइस्क्रीमवाल्याकडूनच माहीत. नानाने एकदा विचारलं, ‘‘चामडं म्हणजे चप्पल नवी का वापरलेली?’’ सुधाकर गंभीरपणे म्हणाला, ‘‘घोड्याचं खोगीर.’’ घोड्याशी त्याचा संबंध स्वतःच्या वरातीपुरता.

बिस्किटं संपत आली की पॅरिस येतं. 24 मे 1976. स्टीव्हन स्परियर नावाच्या इंग्रज वाइनविक्रेत्याने फ्रेंच परीक्षकांना लेबलं झाकून वाइन पाजल्या आणि लाल वाइनमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची 1973 ची स्टॅग्ज लीप. मूतों-रोथशिल्ड दुसरी. हे सुधाकर असं सांगतो की परीक्षकांचे पेले यानेच विसळले असावेत. तेव्हा तो सिन्नरला सहावीत होता.

त्या पॅरिसच्या जोरावरच तो आमच्याकडून लेबलं झाकून चाचण्या करवतो. बाटल्यांना वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी गुंडाळलेली असते. नाशिकची रासा शिराझ, अकलूजच्या द्राक्षांची सेते, नंदी हिल्सकडची ला रिझर्व्ह. ओळखायच्या, गुण द्यायचे, वहीत लिहायचे. टोळक्यातला डॉक्टर मुळातच खट. त्याने एकदा दोन पेल्यांत एकाच बाटलीतली वाइन ओतून ठेवली. सुधाकरने पहिलीला साडेसहा दिले, दुसरीला आठ. दुसरीत त्याला चेरी दिसली, धूर दिसला, थोडं खोगीरही दिसलं. डॉक्टरने पुरवणी सोडून दाखवली. आम्ही टेबल बडवलं. सुधाकर शांतपणे म्हणाला, ‘‘बरोबरच आहे. दुसरीला जास्त श्वास मिळाला.’’

वर त्यानेच आम्हाला फ्रेडरिक ब्रोशेचा किस्सा सांगितला. बोर्दोमध्ये वाइनशास्त्र शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना या संशोधकाने पांढरी वाइन लाल रंग घालून दिली आणि त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. ‘‘बघा, शिकलेलेसुद्धा फसतात,’’ हे तो अशा थाटात म्हणाला, जणू फसणं ही पुढच्या वर्गातली गोष्ट.

नाना आमच्यातला एकटा खरा द्राक्षवाला. दिंडोरीकडे बाग आहे, थॉम्पसनची. वाइनच्या द्राक्षाबद्दल त्याचं मत एका वाक्याचं: बारीक मणी, जाड साल, बी फार, खाणार कोण? सुधाकर त्याला युरोपातल्या वेली हिवाळ्यात कशा झोपतात हे सांगतो. ऑक्टोबरात गोडी छाटणी करून इथं हिवाळ्यातच माल पिकवणारा नाना ऐकून घेतो.

गेल्या पावसाळ्यात नानाची बायको गेली. तो आला नाही, बोलला नाही, फोनही उचलेना. दिवाळीनंतर सुधाकर स्वतः गाडी घेऊन गेला आणि त्याला उचलून आणला. सुरई भरली. श्वास सुरू झाला. आणि कुणी काही विचारलं नसताना नाना बोलायला लागला. ब्रिक्स, म्हणजे द्राक्षांची गोडी, मोजायचं यंत्र घरात होतं, पण तोड कधी करायची हे ती ठरवायची. बागेतून दोन-चार मणी तोंडात टाकत फिरायची आणि म्हणायची, ‘अजून चार दिवस.’ व्यापारी बांधावर उभा राहून चिडायचा. एका वर्षी तिच्या चार दिवसांत गारपीट झाली, ते तिने नानाला पुढे कधी बोलू दिलं नाही.

सुधाकरने मध्येच उठून नाक आत घातलं. ‘‘अजून उघडली नाही.’’ नाना पुढे बोलत राहिला. साडेनऊ झाले, दहा झाले. सकाळी ऑपरेशन असलेल्या डॉक्टरनेही घड्याळ पाहिलं नाही. सुधाकर दर थोड्या वेळाने उठायचा, हुंगायचा, मान हलवायचा. ती हलक्या जातीची वाइन होती, अर्ध्या तासात व्हायचं ते होऊन गेलेलं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. इतकं तर त्यानेच आम्हाला शिकवलं होतं. नाना थांबला तेव्हा अकरा वाजले होते. मग कुठे पेले भरले. वाइन मेली होती. सुधाकरने एक घोट घेतला, वहीत आठ गुण लिहिले, आणि वहिनींना हाक मारून वड्या मागवल्या.

पुढच्या शनिवारी सेते आणि ला रिझर्व्ह समोरासमोर आहेत. नानाचा निरोप आलाय: घरून जेवून यायचं का?