मीटरची हद्दपारी

मनुष्याने घर बांधले ते आपल्या वस्तू चार भिंतींच्या आत राहाव्यात म्हणून, आणि राज्यकर्त्यांनी दफ्तर थाटले ते त्या चार भिंतींच्या आत काय चालले आहे हे बसल्या जागी कळावे म्हणून. या दोन सनातन वासनांची गाठ ज्या एका लहानशा पेटीत पडली आहे, तिला विजेचे मीटर म्हणतात. पेटी कंपनीची, भिंत घरमालकाची, सील कंपनीचे, आणि त्या सिलाशी छेडछाड झाल्यास २००३च्या विद्युत कायद्याच्या कलम १३५ अन्वये तीन वर्षांपर्यंतचा कारावास पुन्हा घरमालकाचा, अशी ही सामाईक मिळकत आजवर कशीबशी सलोख्याने नांदत होती. आता वीज कंपनीचे फर्मान आहे की, मीटरने घराबाहेर पडावे.

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावी मीटर ही केवळ मोजणीची वस्तू राहिलेली नव्हती. १९६० साली स्थापन झालेल्या राज्य विद्युत मंडळाच्या कारकिर्दीत ज्या घरात पहिला दिवा लागला, त्या घरात मीटर आतल्या भिंतीवर, लाकडी फळीवर, चिनी मातीच्या फ्यूजशेजारी विराजमान झाले आणि यथावकाश कुटुंबात जमा झाले. फळीच्या फटीत जुनी बिले, रेशनकार्ड आणि दवाखान्याची चिठ्ठी खोचलेली. फळीमागे पालीचे बिनभाड्याचे बिऱ्हाड. काचेवर उदबत्तीच्या धुराचा पिवळट थर. आणि दसऱ्याला विळा-कुऱ्हाडीच्या पंक्तीत मीटरलाही हळदकुंकवाचे बोट व झेंडूचे एक फूल. जुन्या मीटरातील ॲल्युमिनियमची चकती रात्री निजानीज झाल्यावरही फिरताना दिसली, की घरातले वडीलधारे आबा अंथरुणातूनच गर्जत, “कोनं काय चालू ठेवलं रे?” आणि दिवा ज्याने चालू ठेवला असेल तो निमूटपणे उठे. इतका जागता आणि बिनपगारी तपासनीस कोणत्याही कंपनीच्या आस्थापनेवर आढळणार नाही.

अशा घरी फर्मान घेऊन वायरमन येतो.

“आबा, मीटर बाहीर घ्या लागते.”

“काहून बापा? आत राहून ते काय खाऊन राह्यलं तुयं?”

“वरून आर्डर हाय.”

वरच्या हुकुमाचे अपील वरच करावे लागत असल्यामुळे, आणि वर जाण्याची आबांना तूर्त घाई नसल्यामुळे, मीटर खाली उतरते आणि भिंतीच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसते.

बाहेर आलेल्या मीटरला मग सार्वजनिक जीवन प्राप्त होते. पेटीच्या कोपऱ्यात गांधीलमाशा घर करतात. वऱ्हाडातील वैशाखाचे ऊन थेट पडद्यावर पडले की आकडे काळवंडतात. निवडणुकीत एखादा उमेदवार पेटीवर आपले हात जोडलेले छायाचित्र डकवून मतदाराच्या आणि रीडिंग घेणाऱ्याच्या मध्ये उभा राहतो. आणि पारावर बसलेली मंडळी तांबड्या दिव्याच्या उघडझापेवरून घरात कूलर लागला की सोयरे आले, याचा बिनचूक अदमास बांधतात.

न्यायबुद्धीने पाहता कंपनीचा पक्ष अगदीच पोकळ नाही. सोयाबीनच्या सोंगणीत सारे घर वावरात गेलेले असते. मोबाइलने मीटरचा फोटो काढायला आलेला मनुष्य कुलपाचे दर्शन घेऊन परततो. बिलात सरासरी युनिटे पडतात आणि ती दुरुस्त करून घेण्यासाठी तालुक्याला खेपा सुरू होतात. घराला आग लागली तर बाहेरून पुरवठा तोडता येतो, आणि मीटरला वळसा घालून तार ओढण्याचे हस्तकौशल्यही उघड्यावर अवघड जाते. हे सर्व मान्य. तथापि ज्याचा विश्वास नव्हता त्याने आपली पेटी बाहेर नेली, हे कबूल केले तरी ज्याच्या घरातून ती गेली त्याने कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न आतच राहिला.

त्याचे उत्तर कायद्याने दिले आहे, आणि देऊन नीट जपून ठेवले आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६च्या मीटरविषयक विनियमांनुसार मीटर ग्राहकाच्या जागेबाहेर बसवले असल्यास त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी कंपनीची. इतकेच नव्हे, तर ग्राहकाने मागणी केल्यास चालू वापर दाखवणारे एक दर्शकयंत्र घराच्या आत बसवून देणे हेही तिचेच कर्तव्य. मात्र बिलासाठी बाहेरच्या मीटरचाच आकडा ग्राह्य धरावा आणि आतल्या दर्शकयंत्राची राखण ग्राहकाने करावी, असेही तेथेच नमूद आहे. तात्पर्य, ज्याचा आकडा चालतो ते कंपनीने सांभाळावे आणि ज्याचा चालत नाही ते आबांनी. तरीही ही दरखास्त घेऊन फारसा कोणी रुजू होताना दिसत नाही, कारण मागितल्यास मिळते हे ज्याला ठाऊक असते, तो बहुधा कंपनीच्याच नोकरीत असतो.

आता जरा वावराकडे वळू. २००३च्याच कायद्याचे कलम ५५ असे बजावते की, कायदा अमलात आल्यापासून दोन वर्षांनंतर अचूक मीटरखेरीज वीजपुरवठा करू नये. मुदत वाढवण्याची मुभा राज्य वीज नियामक आयोगास आहे, आणि मुभा ही वस्तू आपल्याकडे कधी अडगळीत पडून राहत नाही. दोन दशके लोटली तरी राज्यातील कितीतरी कृषिपंपांचा हिशेब मीटराशिवाय, केवळ अश्वशक्तीवर चालतो, आणि २०२४पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल मोफत वीज योजनेखाली शासन भरते. शेतकऱ्याला सवलत मिळाली याचा आनंदच आहे. विनोद एवढाच की, पाच अश्वशक्तीचा पंप तासाभरात निदान पावणेचार युनिटे ओढतो, आणि तेवढ्याच विजेवर नऊ वॅटचा दिवा चारशे तासांहून अधिक काळ जळतो. तरी रात्रपाळीत चाललेल्या त्या पंपाला अंदाज पुरतो आणि आबांच्या दिव्याला मात्र भर चौकात पुरावा लागतो.

त्यात आता स्मार्ट मीटर अवतरले आहेत. ते आपला आकडा आपणच मोबाइलच्या जाळ्यातून कचेरीत पोचवतात. फोटो काढणारा नको, कुलूप उघडण्याची प्रतीक्षा नको. म्हणजे ज्या डोळ्यांच्या सोयीसाठी मीटर बाहेर काढले, ते डोळेच सेवामुक्त झाले. तर्कशास्त्राप्रमाणे मीटरने आता सन्मानाने पूर्वस्थळी परतावे. परंतु हद्दपारीचा हुकूम काढणारे दफ्तर सापडते तितक्या सहजतेने तो मागे घेणारे दफ्तर कोणत्याही राजवटीत सापडलेले नाही.

सबब आमची नम्र दरखास्त अशी. मोजमाप चव्हाट्यावर आणल्याने प्रामाणिकपणा वाढतो, हे तत्त्व आम्ही बिनशर्त मान्य करतो. फक्त त्याची अंमलबजावणी दुतर्फा व्हावी. गावातील प्रत्येक डीपीखाली आणखी एक मीटर बसवावे आणि त्याने वीज किती वेळ गेली तेवढेच मोजावे. त्याचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज खडूने लिहावा. ज्या महिन्यात तो वाचता येणार नाही त्या महिन्यात सरासरी धरावी, आणि ती दुरुस्त करून घेण्यासाठी कंपनीच्या साहेबांनी केनवडला खेपा घालाव्यात. नेमून दिलेल्या वेळेत पुरवठा पूर्ववत न झाल्यास भरपाईची तरतूद राज्य आयोगाच्या २०२१च्या विनियमांत आहेच, तेव्हा बिल कोणाच्या नावे फाडावे याचा निराळा खल नको. या मीटरचे सील मात्र आबांच्या हातचे असावे. एवढे झाले की आबा स्वतः शिडी धरतील आणि वायरमनला सांगतील, “ने बापा माह्यं मीटर, पार शिवेवर नेऊन लाव!”