पाहुणे आईबाप

आईबाप होण्याचे दोन रस्ते आहेत. पहिल्या रस्त्यावर कुणी काही विचारत नाही, आणि दुसऱ्या रस्त्यावर विचारायचं काही शिल्लक ठेवत नाही. घरात पाळणा हलणार म्हणून नवराबायकोच्या वयांची बेरीज करायला तलाठी आल्याचं कुणी ऐकलेलं नाही. दत्तकाला मात्र ती बेरीज द्यावी लागते. २०२२ च्या दत्तक विनियमांप्रमाणे मूल दोन वर्षांच्या आतलं असेल, तर दोघांची वयं मिळून ८५ च्या वर जाता कामा नयेत. मूल आठ वर्षांच्या पुढचं असेल तर ११० पर्यंत चालतात. शिवाय वैवाहिक संबंध दोन वर्षं स्थिर असावेत अशी अट आहे, जी लावायचीच म्हटली तर पहिल्या रस्त्याने आलेले निम्मे आईबाप नापास होतील. जोडपं परदेशी असेल तर हा पसारा आणखी वाढतो. त्यांच्या देशात गृहपाहणी अहवाल होतो, त्यात उत्पन्न, प्रकृती, पोलिसांचा दाखला, सगळं येतं. मग केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाचं, म्हणजे ‘कारा’चं ना हरकत प्रमाणपत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश, हेग कराराच्या कलम २३ चं प्रमाणपत्र, मुलाचा पासपोर्ट, व्हिसा. मूल घरी पोचल्यावरही दोन वर्षं पाठपुरावा चालतो: पहिल्या वर्षी दर तिमाहीला, दुसऱ्या वर्षी दर सहामाहीला. एवढ्या चाळणीतून एक प्रश्न मात्र अलगद निसटतो. जिथली भाषा येत नाही, जिथलं जेवण सोसत नाही आणि जिथे बसची पाटीसुद्धा वाचता येत नाही, अशा ठिकाणी तुम्हाला घर चालवता येतं का? मुलाला तर उद्या नेमकं हेच करायचं आहे, आणि त्याची परीक्षा कुणी घेणार नाही. त्याचा थेट निकालच लागणार आहे. म्हणून माझं म्हणणं असं की, मुलाला नेण्याआधी परदेशी आईबापांनी काही आठवडे त्याच्यासह नंदुरबार जिल्ह्यातल्या म्हसावदसारख्या गावात संसार करून दाखवावा.

नियम आजही अर्धा माझ्या बाजूचा आहे. मुलाला न्यायला आईबापांनी स्वतः भारतात यावं लागतं, आणि आदेश व्हायच्या आत मूल दत्तकपूर्व सांभाळासाठी ताब्यात घेण्याचीही सोय आहे. अडचण आहे ती मुक्कामाच्या जागेची. हा मुक्काम बहुधा मोठ्या शहरातल्या हॉटेलात पडतो, आणि हॉटेल हा कुठलाच देश नसतो. तिथे आईबाप पाहुणे, मूलही पाहुणं आणि संसार खोलीसेवेकडे. मूल नव्या आईबापांकडून पहिला धडा शिकतं तो लिफ्टचं बटण दाबण्याचा. या तुलनेत म्हसावद पाहा. शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका अंगाला गुजरात आणि दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश फार लांब नाही. कानावर अहिराणी पडते, गुजरी पडते, भिली आणि पावरी पडते. शुद्ध मराठी बहुतेक सरकारी फलकांवर भेटते. इथे पुण्याहून बदलून आलेला शिक्षकसुद्धा पहिले काही महिने परदेशातच असतो. त्यामुळे काही न कळणारा माणूस दिसला तर गावाला नवल वाटत नाही. ‘काय चाली राह्यनं भाऊ?’ एवढं विचारून गाव त्याला कामाला लावतं.

समजा, इटलीतलं एक जोडपं सहा वर्षांच्या मुलाला घेऊन इथे भाड्याच्या दोन खोल्यांत उतरलं. कागदावर मूल त्यांच्यावर अवलंबून. पण पहिल्याच सकाळी हा कागद उलटा वाचावा लागेल. नळाला पाणी आलं हे बाहेरच्या कळश्यांच्या आवाजावरून मुलाला कळतं, वडिलांना कळतं ते पाणी गेल्यावर. भाकरी कुठून मोडायची, कालवण किती घ्यायचं, हे मूल जाणतं. आई चमचा शोधत असते. नंदुरबारची मिरची ही नुसती चव नसून बाजारपेठ आहे, हे वडिलांना पहिल्या ठेच्याबरोबर समजेल, आणि डोळ्यांतून पाणी काढणारा तो उंच माणूस पाहून मूल कदाचित पहिल्यांदा मोकळेपणी हसेल. शेजारची मावशी आईला बिबडे, म्हणजे खानदेशी पापड, वाळत घालायला बसवील. आई ते गोल घालू शकणार नाही, आणि मावशी तसं तोंडावर सांगेल. दुकानात सुटे पैसे मोजून घेणं, ‘परवा या’ म्हणजे नेमका कोणता परवा हे ओळखणं, वीज गेल्यावर आरडाओरडा न करणं, या सगळ्या खात्यांचा कारभार सहा वर्षांच्या माणसाकडे राहील. बालमानसशास्त्राचा ग्रंथ न उघडताही यातला फायदा दिसतो. मिलानला उतरल्याबरोबर या मुलाची सगळी विद्या एका दिवसात रद्द होणार आहे. त्याला ‘पाणी’ हा शब्दसुद्धा नव्याने मिळवावा लागेल. त्याआधी काही आठवडे तो घरातला एकमेव जाणकार असेल, तर नव्या शाळेत तो मुका होऊन बसेल त्या दिवशी आईबापांना आपला म्हसावदचा मुकेपणा आठवेल. ज्याला स्वतःला कधी काही कळेनासं झालं नाही, तो दुसऱ्याच्या न कळण्याला हट्ट म्हणतो.

हे केवळ म्हसावदच्या प्रेमापोटी सुचलेलं नाही. कोलंबियात परदेशी आईबापांना प्रक्रिया संपेपर्यंत मुलासह काही आठवडे राहावं लागतं. युगांडाने २०१६ च्या दुरुस्तीत तर मुलाचा एक वर्ष तिथेच सांभाळ करण्याची अट ठेवली. त्याआधी ती तीन वर्षांची होती. आपल्याकडचा दाखला जुना आहे. २७ मे १८७५ रोजी बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी कवळाण्याच्या बारा वर्षांच्या गोपाळला दत्तक घेतलं आणि तो सयाजीराव गायकवाड झाला. मालेगावजवळच्या शेतकरी घरातल्या पोरासाठी बडोदा हा परदेशच, आणि गृहपाहणी करायला साक्षात इंग्रज सरकार. तिथेही शिकण्याचं सगळं काम मुलाच्या वाट्याला आलं: इलियट साहेबांची शिकवणी, भाषा, रीतभात, घोडा. राजवाडा कवळाण्याला येऊन चुलीपुढे बसल्याची नोंद नाही. गोपाळने ते निभावलं, पण त्याचे भाऊही बडोद्यात येऊन राहिले, म्हणजे कवळाणं थोडंफार सोबत आलं. शिवाय राजे होण्याची सोय प्रत्येक दत्तक मुलाला नसते.

परमुलखात संसार कसा मांडतात, याचा अनुभवही या पट्ट्याला इटलीपेक्षा जास्त आहे. नंदुरबार जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता, बरोबर पोरं, आणि मुक्काम पडावावरच्या खोपीत. गरिबीने लादलेल्या या फरफटीचं कौतुक करण्यासारखं काही नाही. पोरांची शाळा तिच्यात बुडते. पण एवढं त्यातून नक्की दिसतं की घर उभं राहायला भिंती शेवटी लागतात. आधी लागतो तो एकमेकांच्या अडचणीत पुढे आलेला हात. दत्तकाच्या फायलीत घराचं क्षेत्रफळ असतं, या हातासाठी रकाना नसतो.

आता आक्षेप. पहिला अर्थातच पैशांचा आणि रजेचा. आधीच खर्चाने वाकलेल्या माणसाला आणखी आठवडे कुठे बसवता? तर म्हसावदच्या दोन खोल्यांचं भाडं आणि मुंबईच्या हॉटेलचं बिल शेजारी ठेवावं, म्हणजे पैशांचा आक्षेप स्वतःहून उठून जाईल. रजेचा आक्षेप खरा आहे. पण ज्या नोकरीतून मुलाच्या पहिल्या महिन्यासाठी रजा मिळत नाही, तीत दुसऱ्या महिन्यातही मिळणार नाही. मूल विमानात बसायच्या आधी हे कळलेलं बरं. ज्या मुलाला सततचे उपचार लागतात, त्याचा मुक्काम मोठ्या रुग्णालयाजवळच हवा, तिथे मी म्हसावदचा हट्ट सोडतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. दत्तकात मुलाची ओळख गुप्त राखायची असते, आणि तुम्ही त्याला गावात नेऊन बसवता? गाव तर कुंडली काढल्याशिवाय कुणाला चहा पाजत नाही. हे अगदी बरोबर, आणि म्हणून मूळ गाव वर्ज्य. ज्या मुलाचे धागेदोरे या बाजूचे असतील, त्याने विदर्भातल्या किंवा कोकणातल्या एखाद्या गावी राहावं आणि तिकडच्याने इथे. मूल सापडलेलं गाव नको, मुलाला उमजेल असं गाव हवं. चौकशी तरीही होईल, पण तिचा रोख मुलावर फार वेळ राहणार नाही. सहा फुटी इटालियन माणूस दोरीवर धोतर वाळत घालतोय म्हटल्यावर मुलाकडे बघायला सवड कुणाला?

तिसरा आक्षेप लिसा स्थळेकरच्या उदाहरणाचा. पुण्याच्या श्रीवत्स अनाथालयातली काही आठवड्यांची लैला हरेन आणि स्यू स्थळेकरांनी १९७९ मध्ये दत्तक घेतली. तीच लिसा. अमेरिका, केनिया करत ती सिडनीला वाढली आणि एकदिवसीय क्रिकेटमध्ये हजार धावा नि शंभर बळी गाठणारी पहिली महिला ठरली. तिला कुठलं म्हसावद लागलं? लागलं नाही, कारण ती तान्ही होती आणि तिचे वडील मूळचे मुंबईचे. सिडनीच्या अंगणात त्यांनी लेकीला क्रिकेट शिकवलं, म्हणजे निम्मी मुंबई सामानातूनच गेली होती. आज बाहेर जाणाऱ्या मुलांमध्ये मोठी मुलं, भावंडांच्या जोड्या आणि विशेष काळजी लागणारी मुलं पुष्कळ असतात. त्यांना आधीचं आयुष्य आठवतं, आणि ते समजणारं माणूस समोर लागतं.

शेवटचा आक्षेप देशाभिमानी: आपली मुलं बाहेर द्यायचीच कशाला? मुळात देतो किती? २०२३-२४ मध्ये देशात ४,००९ दत्तकविधानं झाली, त्यांतली ४४९ परदेशात गेली. परदेशी जोडप्याची पाळी येते तीही देशातल्यांनी आणि अनिवासी भारतीयांनी नाही म्हटल्यावर. आपल्या रांगेत लोक वर्षानुवर्षं थांबतात, पण बहुतेकांना हवं असतं निरोगी तान्हं बाळ. नऊ वर्षांची मुलगी आणि तिचा चालताना लंगडणारा भाऊ म्हटलं की देशाभिमान पुढच्या प्रोफाइलकडे सरकतो. या व्यवहारात गैरप्रकार झाले हेही खरं. १९८४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या तक्रारीच्या पत्रातून आला, आणि गेल्या काही वर्षांत चीनने परदेशी दत्तक थांबवलं, नेदरलँड्सनेही ते बंद करायचं ठरवलं. पण गैरप्रकाराला घाई आवडते आणि साक्षीदार आवडत नाहीत. सगळं गाव दारातून आत डोकावतंय अशा ठिकाणी काही आठवडे काढायचे म्हटल्यावर मूल मालासारखं उचलून न्यायला आलेला माणूस शहाद्याची बसच पकडणार नाही.

तेव्हा कायद्यात मोठा बदल नको, गृहपाहणी अहवालाला एक पुरवणी जोडावी. जोडप्याने मुलासह म्हसावदला राहावं, आणि शेवटी शेरा शेजारच्या मावशीने द्यावा. प्रश्न तीनच: पाणी कधी येतं हे त्यांना मुलाने शिकवलं का, शिकवलेलं त्यांनी ऐकलं का, आणि चुकल्यावर ते कुणावर ओरडले? बिबडे गोल आले नाहीत म्हणून मात्र कुणाला नापास करू नये. तसं केलं तर पोटच्या आईबापांचीही फेरतपासणी करावी लागेल, आणि तेवढे जिल्हाधिकारी महाराष्ट्रात नाहीत.