माफ करा, मला समजलं नाही

माझा भाचा भेटला की हमखास विचारतो, ‘मामा, फोनमधली असिस्टंट वापरता ना?’ रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता ना, या सुरात. मी वापरतो. ती अधिक कशी वापरावी यावरचे व्हिडिओही त्याने पाठवलेत. त्यांत माणसं लखलखीत ओट्यापाशी उभी असतात, हात कणकेत असतात आणि ती हवेत बोलून टायमर लावतात. टायमर लागतो. कुणी मध्ये बोलत नाही.

आमच्याकडे हात कणकेत असतात तेव्हा मिक्सरमध्ये चटणी फिरत असते आणि गॅसवर कुकर असतो. शिवाय आमच्याकडचं वरण मिनिटांवर शिजत नाही, शिट्ट्यांवर शिजतं. ‘तीन शिट्ट्या झाल्या की सांग,’ असं मी तिला सांगून पाहिलं. तिने शिट्टी कशी वाजवावी याचे व्हिडिओ काढून दिले. मग मीच मुकाट्याने बारा मिनिटांचा टायमर लावला. तो आणि कुकर एकाच वेळी वाजले. मी ‘थांब’ म्हणालो, ‘बंद कर’ म्हणालो, शेवटी सोसायटीला ऐकू जाईल असं काहीतरी म्हणालो. कुकर थांबला. फोन मी कोपराने बंद केला. हात न लावता फोन वापरायची आमच्या घरची पद्धत ही.

तिच्या घराण्याबद्दल मला आदर आहे. 1952 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये ‘ऑड्री’ नावाचं यंत्र होतं. ते शून्य ते नऊ एवढे आकडे ओळखायचं, तेही ओळखीच्या आवाजात, मध्ये थांबत थांबत म्हटले तर. त्यासाठी त्याला सहा फूट उंचीची मांडणी लागायची. पण ऑड्रीला कुणी वरणाचं विचारत नव्हतं. 2011 मध्ये आयफोनवर ‘सिरी’ आली, 2018 मध्ये गूगल असिस्टंट मराठी बोलू लागली, आणि आता मातृभाषेत गैरसमज करून घ्यायची सोय झाली आहे.

फोन लावणं हे तिचं सगळ्यात सोपं काम, असं भाचा म्हणतो. त्याच्या फोनमध्ये माणसांना नाव आणि आडनाव असतं. माझ्या फोनमध्ये ‘पाटील इलेक्ट्रिशियन’, ‘पाटील इलेक्ट्रिशियन नवा’ आणि ‘पाटील उचलू नये’ असे तिघे आहेत. शॉर्टसर्किट होऊन घर अंधारात असताना मी सांगितलं, पाटील इलेक्ट्रिशियनला फोन लाव. तिने तिसऱ्याला लावला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला. पुढचा अर्धा तास मी अंधारात बसून त्याच्याकडून विम्याची नवी योजना समजावून घेतली. टॉर्च मात्र ती बिनतक्रार लावते. नंतर दिवसाही लावते.

हाक मारल्यावर ती येत नाही याचं मला फार वाटत नाही, घरात सवय आहे. न मारता येते त्याचं काय करायचं? फोन म्हणे सतत कान देऊन असतो, पण ठरलेली हाक ऐकू येईपर्यंत बाकीचं सोडून देतो. शेजाऱ्यांच्या सत्यनारायणाला गुरुजींनी संकल्प सांगायला सुरुवात केली आणि माझ्या खिशातून आवाज आला, ‘माफ करा, मला समजलं नाही. पुन्हा सांगाल का?’ गुरुजी अनुभवी. त्यांनी संकल्प पुन्हा सांगितला, या वेळी सावकाश.

हाक कुणाची आहे हेही ही मंडळी फारसं बघत नाहीत. 2017 मध्ये अमेरिकेत बर्गर किंगने टीव्हीवर जाहिरात केली, तिच्यातला माणूस ‘ओके गूगल’ म्हणून बर्गरची माहिती विचारायचा. घरोघरचे स्पीकर उठून उत्तर द्यायला लागले. काही तासांत गूगलला ते बंद करावं लागलं. पुढे 2019 मध्ये उघड झालं की अ‍ॅमेझॉन, गूगल आणि अ‍ॅपल या तिन्हींकडे आवाजाचे काही तुकडे तपासणीसाठी माणसं ऐकत होती. लोक खवळले. मला त्या ऐकणाऱ्यांची काळजी वाटली. सिलिंडर कुणी नोंदवायचा होता यावरचं आमचं बोलणं एखाद्याच्या वाट्याला आलं असेल, तर त्याला त्या दिवसाचा भत्ता वेगळा मिळायला हवा.

गेल्या भेटीत भाच्याने एक ‘रूटीन’ लावून दिलं. सकाळी हाक मारून ‘सुप्रभात’ म्हटलं की ती हवामान सांगते, बातम्या सांगते आणि कॅलेंडर वाचते. खिडकीबाहेर मुसळधार चालू असताना ‘अंशतः ढगाळ’ ऐकायला बरं वाटतं, मन शांत राहतं. कॅलेंडरमध्ये मी कधीच काही लिहिलेलं नाही. त्यामुळे रोज सकाळी, चहाच्या वेळी, स्वच्छ मराठीत ती जाहीर करते, ‘आज तुमचा कोणताही कार्यक्रम नाही.’ हे बायको ऐकते. मग माळा आवरायचा निघतो, बँकेत पासबुक भरायचं निघतं, दळण टाकायचं निघतं. गिरणीला आज सुट्टी आहे हे दोघींपैकी एकीलाही ठाऊक नसतं.