क्लचप्लेटवाले भाऊ

जव्हार-मोखाडा रस्त्यावर कुठेही गाडीचं बॉनेट उघडा, भाऊ हजर. एरवी त्या वळणावर चिटपाखरू नसतं. ते कुठून उगवतात हे कोणी पाहिलेलं नाही. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, काखेत न उघडलेली छत्री आणि तोंडात तयार निदान: "क्लचप्लेट गेली."

गाडीला काय होतंय हे विचारण्यात भाऊ वेळ घालवत नाहीत. उमेदीच्या काळात त्यांनी काळी-पिवळी जीप चालवली, मग मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्याचे टँकर नेले. (इथे पावसाळ्यात धबधब्यांपाशी गाड्यांची रांग लागते आणि एप्रिलमध्ये टँकरपाशी हंड्यांची. रांग बारमाही.) भरला टँकर चढावर नेला की क्लचप्लेट जाते, हे ज्ञान त्यांनी स्वतःच्या पगारातून कापून घेऊन मिळवलेलं. पुढे तेच त्यांनी स्कूटरला लावलं, शेतातल्या पंपाला लावलं आणि एकदा बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीलाही. गिरणीची लाइट गेली होती.

२०१४ साली दोन गोष्टी घडल्या. फेब्रुवारीत मारुतीची सेलेरिओ आली आणि १ ऑगस्टला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. सत्कार-समारंभ दुसऱ्या गोष्टीचे झाले, पण भाऊंच्या कारकिर्दीला कलाटणी दिली ती पहिलीने. अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने १९४०च्या मॉडेलांपासूनच पूर्ण ऑटोमॅटिक गियर विकायला काढले होते; दाभोशाच्या धबधब्यापर्यंत पोचायला त्यांना पाऊण शतक लागलं. सेलेरिओपासून ते मध्यमवर्गाच्या खिशात बसले, आणि ठाणे-डोंबिवलीची कुटुंबं क्लचचं पेडलच नसलेल्या गाड्या घेऊन घाट चढू लागली.

आता श्रावणातला रविवार डोळ्यांसमोर आणा. चढावर परतणाऱ्या गाड्या एकामागे एक खोळंबलेल्या. आपले साहेब ब्रेक दाबायचा सोडून ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी जागच्या जागी तोलून धरतात. पायाला बरं वाटतं. थोड्या वेळाने रांग हलते, साहेब रेस देतात, इंजिन ओरडतं, आरपीएमचा काटा चढतो. गाडी तेवढी चढत नाही. करपल्याचा वास. बॉनेट.

"क्लचप्लेट गेली, साहेब."

साहेब एवढ्या संकटातही हसतात. "भाऊ, ही ऑटोमॅटिक आहे. हिला क्लच नसतो."

गाडीतून मुलगा मोबाइलवर वाचून दाखवतो की गियरबॉक्सचं ऑईल लाल असतं, जळलं की काळपट होतं, काडी काढून बघा. काडीचा शोध सुरू होतो. सापडते ती इंजिनची. पावसात उभ्या असलेल्या ताई विचारतात, "कुणी माहितगार आहे का इथे?" हा प्रश्न भाऊ स्वतःवर घेत नाहीत, दुसऱ्यासाठी असावा असं समजतात आणि पुढचा उपाय काढतात: "सेकंड टाका, धक्का मारू." चार पोरं मागे लागतातही. सेकंड टाकायचा कुठे, एवढाच प्रश्न राहतो.

शेवटी नाक्यावरचा फिटर येतो. तो कमी बोलतो, कारण भाऊंसमोर संधी मिळत नाही. एकच विचारतो, "मॉडेल कोणतं?" इथे खरी मेख आहे. स्वस्तातल्या अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत गियरबॉक्स साधाच असतो. क्लच तोच, प्लेट तीच; पेडल काढून घेऊन माणसाच्या पायाचं काम ॲक्च्युएटरला दिलेलं. चढावर नुसत्या रेसवर गाडी तोलली की तो बिचारा क्लच अर्धवट दाबून घासत बसतो. गाडी निवल्यावर फिटर ती कशीबशी सपाटीला आणतो, मॅन्युअलला घेऊन वरच्या गियरमध्ये रेस देतो. आरपीएमचा काटा उडतो, वेगाचा हलत नाही.

"प्लेट गेली," फिटर म्हणतो.

भाऊ काही बोलत नाहीत. फक्त छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतात.

प्लेट फिटर बदलेल, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही बदलेल. पण नवी प्लेट नेमकी कुठे धरते हे ॲक्च्युएटरला स्कॅनर लावून शिकवावं लागतं, नाहीतर गाडी गचके देते. म्हणून गाडी नाशिकला जाते. भाऊ मात्र जव्हारलाच राहतात, आणि तेव्हापासून त्यांच्याशी बोलणं अवघड झालं आहे.

त्यानंतरच्या पावसाळ्यात टॉर्क कन्व्हर्टरवाली एक मोठी गाडी थांबली. तीच तक्रार: आवाज फार, ओढ नाही. भाऊंनी निकाल दिला. इंजिन आणि गियरबॉक्स यांच्यामध्ये या गाडीत ऑईलच काम करतं, हे फिटरने सांगून पाहिलं. गाडीखाली लाल डाग दाखवला, दगड लागून फुटलेला ऑईल कूलरचा पाइप दाखवला. भाऊ तोवर पिकअपला दोरी बांधून मोकळे. इंजिन बंद असलं की गियरबॉक्समधला ऑईलपंप फिरत नाही, चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर उरलंसुरलंही जळेल, हे फिटरला हात जोडून सांगावं लागलं. गाडी उचलून नेणारा ट्रक बोलवला.

आठवड्याने वर्कशॉपमधून फोन आला. फिटरने मुद्दाम स्पीकरवर घेतला, भाऊंचा प्रश्न एकदाचा मिटावा म्हणून. पलीकडून आवाज आला, "ऑईल संपल्यावर बरीच चालवलीय. आतले क्लच पॅक जळाले. सगळ्या प्लेटा बदलाव्या लागतील."

भाऊंनी अख्ख्या नाक्याला चहा पाजला. पैसे फिटरच्या खात्यावर.

परवा एक इलेक्ट्रिक गाडी हनुमान पॉइंटकडे जाताना चहाला थांबली. धडधाकट होती, पण भाऊंच्या आग्रहाखातर मालकाने बॉनेट उघडलं. भाऊंनी बराच वेळ आत पाहिलं.

"क्लच?"

"नाही."

"गियर?"

"बदलायला लागत नाहीत."

"घाटात?"

"पळते, भाऊ."

भाऊंनी बॉनेट हलक्या हाताने बंद केलं. "नवी आहे तोवर पळणारच," ते म्हणाले. "प्लेट गेली की या, मी इथेच असतो."