फोर बाय फोरला डोंगर पाहिजे

भिवंडीत राहून फोर बाय फोर गाडी कशाला लागते, हा प्रश्न फक्त भिवंडीबाहेरची माणसं विचारतात. ऐन पावसाळ्यात त्यांनी अंजूरफाटा ते कल्याण नाका एकदा जाऊन दाखवावं. खड्डा, खड्ड्यात पाणी, पाण्याखाली गेल्या वर्षी खड्डा बुजवायला टाकलेली खडी, आणि शेजारून कापडाच्या ताग्यांनी गच्च भरलेला टेम्पो आपल्यावर कललेला. चारही चाकांना जोर लागतो तो इथे.

पण माझ्या मेहुण्याने थार घेतली ती डोंगरासाठी. "दाजी, ही गाडी सपाटीवर चालवणं म्हणजे तिचा अपमान आहे," असं तो पेढे वाटताना म्हणाला. ज्या गाडीचं नावच वाळवंटावरून ठेवलंय तिला सपाटीची एवढी लाज का वाटावी, हे मी विचारलं नाही. बायकोचा भाऊ आणि त्याची नवी गाडी, या दोन विषयांवर माणसाने पेढा तोंडात ठेवून ऐकावं.

त्या गाडीत गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक बुटका दांडा असतो. मेहुणा पूर्णा गावच्या गोदामात हिशेब बघतो. त्यामुळे कुठलीही गोष्ट मांडून दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आमच्याकडे जेवायला आला तेव्हा त्याने चार वाट्या चौकोनात मांडल्या. "ही पुढची चाकं, ही मागची. एरवी फक्त मागच्या दोघी काम करतात. दांडा ओढला की चौघी. आणि फोर लो टाकला की वेग मरतो पण जोर वाढतो. मग भिंतसुद्धा चढेल." पुढचं डावं चाक कढीचं होतं. ते भिंत चढण्याआधीच टेबलक्लॉथवरून उतरलं.

भिंत म्हणून माथेरान ठरलं. कोनगाव, दुर्गाडीचा पूल, कल्याण, बदलापूर करत आम्ही नेरळला पोचलो. मागच्या सीटवर माझी बायको आणि सासूबाई. सासूबाईंनी वरचं हँडल घरापासूनच धरलं होतं.

माथेरानचा डोंगर 800 मीटरच्या घरात, आणि नेरळ जवळजवळ समुद्राच्या पातळीला. 1850 साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढला तेव्हा गाडीचा प्रश्नच नव्हता. 1907 साली छोटी रेल्वे आली, तिला 20 फुटांमागे 1 फुटापेक्षा जास्त चढ सोसत नाही, म्हणून ती 21 किलोमीटर वेढे घेत वर जाते. मोटाररस्त्याला एवढा धीर नाही. तो सात-आठ किलोमीटरांत उभाच्या उभा चढतो, आणि वळणं अशी की काचेतून समोर फक्त आभाळ दिसतं. रस्ता कुठे गेला ते अंदाजाने ओळखायचं.

पहिल्या खड्या वळणाआधी मेहुण्याने गाडी थांबवली, गंभीर चेहरा केला आणि दांडा ओढला. सासूबाईंनी "श्रीराम" म्हटलं. गाडीने वळण घेतलं, पण मानेला झटके देत, कुरकुरत, अडखळत.

याचं कारण नंतर कळलं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा फेरा मारतात. पण या पद्धतीच्या फोर बाय फोरमध्ये दांडा ओढला की पुढचा-मागचा आस एकाच वेगाने फिरायला बांधला जातो. चिखलात, वाळूत चाक थोडं घसरून हिशेब जुळवून घेतं. कोरड्या टणक रस्त्यावर घसरायला जागा नसते, म्हणून सगळा ताण यंत्राच्या अंगावर येतो. थोडक्यात, ज्या रस्त्यासाठी आम्ही तो दांडा भिवंडीहून जपत आणला, त्या रस्त्यावर तो वापरायचाच नव्हता.

हे आम्हाला सांगितलं एका ओम्नीवाल्याने. नेरळ-माथेरान घाटात या जुन्या मारुती व्हॅन सीटवर शेअर टॅक्सी म्हणून चालतात. 796 सीसीचं तीन सिलेंडरचं इंजिन, आमच्या 2.2 लिटर डिझेलपुढे अगदीच बाळ. आत माणसं कोंबलेली, बॅगा मांडीवर. तो हॉर्न देत मागून आला, बाजूला आला, एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्याने तंबाखू सांभाळत म्हणाला, "दादा, फोर बाय फोर काढा. पहिल्या गिअरला घ्या आणि थांबू नका." आणि गेला. त्याच्या मागच्या काचेतून एक लहान मुलगी आम्हाला टाटा करत होती.

ओम्नीचं गुपित साधं आहे: इंजिन पुढच्या सीटखाली, जोर मागच्या चाकांना. चढावर गाडीचं वजन आपोआप मागे झुकतं आणि जोर देणारी चाकंच रस्ता घट्ट धरतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या मोटारी तिथे फिरत बसतात आणि क्लचचा जळका वास सोडतात. दांडा काढल्यावर आमची थारही मागच्या चाकांवरच चालत होती आणि ती मुकाट्याने वर गेली. मेहुण्याचा चेहरा मात्र मुलगा पास झाला पण ग्रेसमार्कांनी, अशा बापासारखा झाला होता.

दस्तुरी नाक्यावर सगळ्यांची मस्ती उतरते. पुढे माथेरानात खाजगी मोटारींना बंदी. एवढी भिंत चढणारी गाडी ओम्नींच्या रांगेत उभी करून आम्ही लाल मातीतून पायी निघालो. तोंडात धूळ, नाकात घोड्यांचा वास, आणि माकडाने सासूबाईंच्या पिशवीतला चिवडा पाकिटासकट नेला.

परतीच्या उतारावर एका वळणात वर येणारी छोटी मोटार अडकलेली. मागच्या चाकाला दगड, धूर, रस्त्यात उभं राहून एकमेकांना दोष देणारं कुटुंब. मेहुण्याच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. डिकीतून त्याने कोरा करकरीत, अजून प्लॅस्टिकमध्ये असलेला केशरी टोचनदोर काढला. तो गाठ सोडवतोय तोवर खालून एक ओम्नी आली. ड्रायव्हर उतरला, त्या मोटारीत बसला, आतल्यांना चालत यायला सांगितलं, दगड काढवला, इंजिन गुरगुरवलं आणि मोटार सरळ वळणावरच्या जरा सपाट जागेवर नेऊन ठेवली.

मेहुणा दोर घेऊन त्या गृहस्थांपाशी गेला. "काका, पुढे अजून दोन वळणं खडी आहेत. मी मागून येऊ का? लागलंच तर."

काका नको म्हणाले नाहीत. त्याने गाडी वळवली.

"काय रे," सासूबाईंनी हँडल पुन्हा धरत विचारलं, "पार्किंगचे पैसे परत घेतील का?"