सर्व वयोगटांसाठी, पावसाळा वगळून

निसर्गावरच्या आणि निसर्गस्नेही राहणीवरच्या पुस्तकांत बारा महिने जानेवारी असतो. आभाळ निरभ्र, हवा गार, पायवाट कोरडी आणि लेखक अनवाणी. मलपृष्ठावर ‘सर्व वयोगटांसाठी’ असंही छापलेलं असतं, आणि रत्नागिरीत तरी ते अक्षरशः खरं ठरतं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या पावसात पुस्तकाला आधी बुरशी येते, मग कसर लागते आणि शेवटी वाळवी ते साद्यंत वाचून काढते. ती प्रस्तावनाही सोडत नाही, जी बहुतेक माणसं सोडतात. हा छळ पुस्तकांच्या वाट्याला उगाच आलेला नाही, असं माझं मत आहे. ज्या पुस्तकात पाऊस नाही, खर्च नाही आणि नुकसान नाही, ते निसर्गाचं पुस्तकच नव्हे. ते फोटो छापायला जागा न मिळालेलं कॅलेंडर आहे. कोणतंही निसर्गपुस्तक रत्नागिरीच्या जून ते सप्टेंबरात तपासून घ्यावं, आणि त्यात छत्री कुठे सापडते का ते पाहावं.

यावर पहिला आक्षेप इथलाच बागायतदार घेईल. “अहो, आम्ही निसर्गातच राहतो, आम्हाला कशाला पुस्तक? पुस्तक वाचून झाडाला आंबा लागतो काय?” प्रश्न रास्त आहे. पण या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर जे कोकण असतं, ते कुठून आलं ते एकदा पाहा. किनाऱ्यावरचा सुरू मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. हापूस तर नावासकट पोर्तुगीजांच्या कलमांची देणगी. ज्याला आपण आदिम आणि अस्पर्श म्हणून उसासे टाकतो, त्यातलं निम्मं बोटीतून उतरलेलं आहे आणि उरलेलं कोणीतरी खांद्यावर पाणी वाहून जगवलेलं आहे. शिवाय हापूसला निसर्गाच्या स्वाधीन केलं, तर तो एक वर्ष धरतो आणि दुसऱ्या वर्षी रजेवर जातो. त्याने दरवर्षी हजेरी लावावी म्हणून पावसाळ्यात मुळाशी कल्टार हे वाढरोधक घालतात. मोहोर आला की तुडतुडे, भुरी आणि थ्रिप्स यांच्यासाठी फवारण्यांचं वेळापत्रक भिंतीवर लागतं, आणि सगळं जमलंच तर आत साका, म्हणजे गरातला पांढरट स्पंजी डाग, निघतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ काढली, ती दरवर्षी धरावी आणि साक्यापासून सुटावी म्हणून. हे सगळं गाळून ‘आंब्याच्या सावलीत साधं जगणं’ असं पुस्तक निघतं, तेव्हा बागायतदार ते वाचत नाही, यात त्याचं वाचनप्रेम कमी पडत नाही.

उलट ज्या दोन परदेशी पुस्तकांनी जगाला साधं राहायला शिकवलं, ती दोन्ही मुळात हिशेबाची आहेत. अमेरिकेच्या थोरोचं ‘वॉल्डन’ 1854 सालचं. दुर्गा भागवतांनी ते मराठीत आणलं. त्यात झोपडीचा खर्च दिला आहे : अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट. त्यातले तीन डॉलर नव्वद सेंट खिळ्यांचे. ज्या संन्याशाने खिळ्यांची पावती जपून ठेवली, त्याच्या वैराग्यावर माझा विश्वास बसतो. तो अधूनमधून गावातल्या घरी जेवायला जायचा, अशी कुचेष्टा त्याच्यावर होते. जाईना का! आंब्याच्या हंगामात मुंबईहून कोण येतं आणि फणसाची भाजी खाऊन पुन्हा कोण जातं, हे ठाऊक असलेल्या जिल्ह्याने तरी त्याला हसू नये. जपानचा फुकुओका आणखी प्रामाणिक. काही न करण्याची शेती शिकवणाऱ्या या माणसाने 1975 सालच्या पुस्तकात लिहून ठेवलंय, की बापाची संत्र्यांची बाग त्याने छाटणीविना निसर्गावर सोडली; फांद्या एकमेकींत अडकल्या, कीड पडली आणि झाडं मेली. बाग सोडून देणं आणि निसर्गाप्रमाणे वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला बापाच्या झाडांनी शिकवलं. आपल्याकडच्या सेंद्रिय पुस्तकांत मेलेलं झाड कधी सापडत नाही. ती सगळी अमर असतात.

‘मग सौंदर्याचं काय?’ हा दुसरा आक्षेप, आणि तो साहित्यिकांकडून येतो. हिशेबाने मन प्रसन्न होत नाही म्हणे. पण दुर्गाबाईंचंच 1956 चं ‘ऋतुचक्र’ घ्या. ते महिन्यामागून महिना घेत जातं, आणि त्यात कोणतं झाड केव्हा फुलतं याची नोंद इतकी काटेकोर आहे, की सौंदर्य तिथे नोंदीतूनच येतं. रत्नागिरीत तर याचा सरकारी दाखलाही आहे. विडाल नावाच्या इंग्रज अंमलदाराने 1880 साली दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची यादी छापली. नोकरी महसुलाची, नजर पाखरांवर. त्याच काळातल्या नोंदींत फुरशांचाही हिशेब आहे. सरकारने फुरसं मारण्याला बक्षीस लावलं, तेव्हा 1862 च्या डिसेंबरात आठ दिवसांत एक लाख पंधरा हजारांवर साप जमा झाले. सरकारी काम आठ दिवसांत उरकल्याची जिल्ह्यातली ही नोंद मला फार मोलाची वाटते. वाचायला हा हिशेब सुखाचा नाही, पण जांभ्याच्या कातळावर पाऊल टाकताना खाली का बघावं, हे त्याच्याइतकं कोणत्याही निसर्गकवितेने सांगितलेलं नाही.

तिसरा आक्षेप मात्र मला खरोखर अडवतो. हिशेब म्हणजे सत्य, असं कोण म्हणतं? सात-बारावर आमच्या सड्यांची, म्हणजे जांभ्याच्या पठारांची, नोंद ‘पोटखराबा’ अशी होते. तोही हिशेबच, शिवाय शिक्क्यासकट! त्या खराब्यावर पावसात सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे पट्टे उमटतात, किडे खाणारी दवबिंदू नावाची वनस्पती उगवते. आणि त्याच कातळावर कुणी हजारो वर्षांपूर्वी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवली. ती कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. म्हणजे महसूल खात्याचा खराबा जागतिक वारसा व्हायच्या रांगेत उभा राहिला. तेव्हा नुसता हिशेब पुरत नाही हे मान्य. पण हा हिशेब चुकला तो आकडेमोडीत नव्हे. तो उन्हाळ्यात, कोरड्या कातळाकडे बघून झाला. माझी मूळ अट पावसाचीच आहे.

राहिली मुलं. त्यांना नुकसान आणि साप दाखवले तर ती घाबरतील, म्हणून बालवाङ्मयातले सगळे प्राणी गोड बोलतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुलाला प्राणी काय बोलतात हे पुस्तकाने सांगायची गरज नाही. वांदर परसातली पपई घेऊन जातो तेव्हा जे बोलतो, ते छापता येण्यासारखं नसतं. मुलांना खरं सोसतं, याचा पुरावा मंडणगड तालुक्यातल्या वेळासला आहे. तिथे पूर्वी समुद्री कासवांची अंडी उकरून नेत. 2002 पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. घरटं कधी मिळालं, अंडी किती, पिल्लं किती निघाली, किती निघालीच नाहीत, हे सगळं तिथे टिपून ठेवतात. पिल्लं समुद्राकडे निघाली, की ती बघायला आलेली पोरं श्वास रोखून बघतात. यातली फारच थोडी मोठी होतात असं सांगितल्यावर एखादं पोर रडतंही. पण ते पुढच्या वर्षी पुन्हा आईबापांना ओढून आणतं. गोड बोलणाऱ्या सशासाठी कोणी मंडणगडच्या वळणांवर उलट्या करत गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

पुस्तकांवर एवढं बोलल्यावर वाचनालयांकडे बघायला हवं. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 पासून आहे. जवळजवळ दोनशे पावसाळे त्याने पुस्तकं कोरडी ठेवली, आणि निसर्गस्नेही राहणीतलं याहून अवघड काम मला दुसरं सुचत नाही. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं. तिथे 2005 च्या जुलैत आणि पुन्हा 2021 च्या जुलैत पुराचं पाणी शिरलं. निसर्ग वर्गणी न भरता आत आला, वर्गवारी न बघता सगळी कपाटं चाळून गेला. त्यात त्याची स्तुती करणारी पुस्तकंही असणारच. दोन्ही वेळा माणसांनी चिखल उपसला, वाचली ती पानं वाळवली आणि वाचनालय पुन्हा उभं केलं. तेव्हा निसर्गावरचं पुस्तक विकत घ्याल, तर त्यात खर्च आणि मेलेलं झाड आहे की नाही ते आधी चाळून बघा. वाचून झालं की ते चिपळूणच्या वाचनालयाला भेट म्हणून द्या. फक्त दिवाळीनंतर द्या, आणि वरच्या फळीवर ठेवायला सांगा.